नव्या पाळकांच्या स्वागतासाठी प्रभुभोजनाचा संच: ट्रे चांगला, पेटी अपुरी

चर्चच्या पाळकांची (धर्मगुरूंची) बदली ठरली की चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. स्वागताच्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे, जुन्या ट्रेची अवस्था पाहवत नाही, तेव्हा नवा संच घेऊन टाकू. कोणीतरी मोबाईलवर सोनेरी ट्रेचा फोटो दाखवतं आणि सगळ्यांच्या माना डोलतात. या संचात खरं तर दोन वेगळ्या वस्तू असतात: चर्चमध्ये फिरवायचा ४० पेल्यांचा ट्रे आणि आजाऱ्यांच्या घरी न्यायची छोटी पेटी. ट्रेवर तासभर चर्चा होते. पेटी मात्र ‘तीही एक टाका त्यात’ म्हणून येते, आणि नवे पाळक दुसऱ्याच आठवड्यात घरभेटींना निघाले की तिचे दोष दिसू लागतात.

खरेदीआधी येणाऱ्या पाळकसाहेबांना एक फोन करावा. सोलापुरातल्या जुन्या मराठी मंडळ्यांची (स्थानिक चर्चची) मुळं अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आहेत. ते मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं (प्रत्येक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहायची प्रोटेस्टंट परंपरा), म्हणून इथे लहान पेले रुळले. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाच्या मंडळीत एकच मोठा प्याला चालतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा या दोन्ही पद्धती एका छपराखाली आल्या. येणारे पाळक मोठ्या प्याल्याच्या सवयीचे असतील, तर ट्रे फिरवायचा की लोकांनी वेदीपाशी यायचं हे आधी ठरलेलं बरं. वेदीपाशी यायचं असेल तर ट्रे कमी लागतात, कारण रिकामे झालेले मागच्या मागे पुन्हा भरता येतात.

लहान पेल्यांची पद्धत तशी फार जुनी नाही. एकाच प्याल्यातून रोग पसरतो या भीतीने अमेरिकेत ती आली, ओहायोतल्या जे. जी. थॉमस यांनी अशा संचाचं पेटंट १८९४ मध्ये घेतलं. ट्रेची रचना आजही जवळपास तीच आहे.

आता धातू. साधा ॲल्युमिनियम हलका आणि स्वस्त, पण द्राक्षाचा रस आंबट असतो. सांडलेला थेंब रात्रभर राहिला तर काळा डाग पडतो आणि तो घासून जात नाही. पितळ दिसायला भारदस्त, पण रस लागला की हिरवट कळंक चढतो. कल्हई केल्याशिवाय पितळेच्या भांड्यात रस ओतूच नये. फोटोतला सोनेरी ट्रे बहुतेक वेळा पितळेचा नसतोच. ॲल्युमिनियम किंवा स्टीलवर सोनेरी थर दिलेला असतो. महिला मंडळाच्या एखाद्या उत्साही भगिनीने तो चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने चकाकवला की वर्षभरात कडा पांढऱ्या पडतात. स्टेनलेस स्टील घ्या. जड आहे, पण डाग धरत नाही आणि कोणीही कशानेही घासलं तरी टिकतं. नुसत्या तबकडीला भोकं पाडून हवी असतील तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारे आहेत. मात्र नमुन्याला पेला सोबत न्यावा आणि भोकाच्या कडा गुळगुळीत करून घ्याव्यात, नाहीतर पेला काढताना बोट कापतं.

घेताना दुकानातच तीन गोष्टी बघा. तीन ट्रे एकमेकांवर ठेवून हलकेच फिरवा; डुगडुगले तर मधली बैठक सैल आहे. एक पेला बसवून ट्रे तिरका करा; पेला खडखडला तर भोक मोठं आहे. झाकण उचलून त्याची मूठ ओढा. रिव्हेटवाली मूठ ढिली होते, स्क्रूची निदान आवळता येते. झाकण आणि तळ (चळतीखाली ठेवायची थाळी) अनेकदा वेगळे विकले जातात, तेव्हा भाव विचारताना ‘झाकण-तळासकट’ असं म्हणा. चारपेक्षा जास्त ट्रेची चळत करू नका, म्हणजे आठ ट्रेना दोन झाकणं आणि दोन तळ लागतील. झाकण नुसतं शोभेचं नाही. उन्हाळ्यात पंखे फुल असतात, धूळ उडते, आणि गोड रसाला मुंग्या किती लवकर लागतात ते सांगायला नको.

पेले काचेचे की प्लास्टिकचे, हा वाद प्रत्येक कमिटीत होतो. काचेच्या पेल्यांनी भरलेला ट्रे दीड किलोच्या आसपास जातो, प्लास्टिकचा जवळपास निम्मा. बाकावरून बाकावर ट्रे पुढे द्यायचा असेल आणि मंडळीत वयस्कर जास्त असतील, तर हा फरक मोठा आहे. पण कडक पारदर्शक प्लास्टिक उकळत्या पाण्यात धुरकट होतं, मग त्याला बारीक तडे जातात. एकदा वापरून टाकायचे प्लास्टिकचे पेले तर नकोतच: महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून अशा पेल्यांवर बंदी आहे. काच घ्यावी, जाड बुडाची, आणि ट्रे फिरवायला तरुण संघातली मुलं उभी करावीत. काठाला टवका उडालेला पेला लगेच बाजूला काढा.

मापं अशी. पेला काठोकाठ १० मिलीच्या आसपास धरतो. भरायचा ७ मिली. एका ट्रेला २८० मिली. एरवी २०० जण प्रभुभोजन घेत असतील तर पाच ट्रे पुरतात. स्वागताच्या दिवशी शेजारच्या मंडळ्यांतले पाहुणे येतात, आधीच्या ठिकाणचीही काही कुटुंबं गाडी करून येतात. ३०० धरले तर आठ ट्रे आणि सव्वादोन लिटर रस. भरायला केटली वापरली की निम्मा रस ट्रेवर जातो. औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज सुईशिवाय घ्या, एका भरण्यात सात पेले होतात. दोघांनी बसलं तर आठ ट्रे अर्ध्या तासात भरतात.

रसाच्या बाबतीत सोलापूरकरांना तक्रारीला जागा नाही. लांबट मण्यांची सोनाका आणि काळी शरद सीडलेस या जाती याच जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी दिल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं मिळतात तेव्हा किलोला साधारण ६०० मिली रस निघतो. एरवी काळे मनुके घ्या. पाऊण किलो मनुके कोमट पाण्यात दोनदा धुवा, तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, मंद आचेवर २० ते ३० मिनिटं उकळा, कुस्करून मलमलीतून गाळा. साखर नको. हिरव्या बेदाण्यांचा रस फिका पिवळट येतो. शिवाय बेदाणे करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवलेली असतात, म्हणून ते वापरलेच तर जास्त धुवावे लागतात. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. शनिवारी दुपारी केलेला रस फ्रिजबाहेर राहिला तर रविवारी सकाळी फसफसतो, कारण द्राक्षाच्या साखरेवर यीस्ट लगेच काम सुरू करतं. नेमकं हेच थांबवायला अमेरिकेतल्या व्हाईनलँडमध्ये टी. बी. वेल्च यांनी १८६९ मध्ये रस तापवून बाटलीत बंद केला होता, तोही प्रभुभोजनासाठीच. उकळा, गरम असतानाच स्वच्छ बाटलीत भरा, गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा आणि उपासनेच्या तासभर आधी पेले भरा.

भाकर म्हणून बिनखमिराची गव्हाची पोळी सर्वांत सोयीची. १५ सेंमीच्या पोळीचे दीड सेंमीचे साठेक तुकडे होतात. कात्रीने कापा, सुरीने कडा फाटतात. ओलसर कापडाखाली ठेवा, नाहीतर सोलापूरच्या कोरड्या हवेत तासाभरात पापड होतो. ज्वारीची भाकरी इथल्या मातीतली म्हणून पुष्कळांना आवडेल, पण तिला गव्हासारखा चिकटपणा नाही. तुकडे करताच चुरा होतो आणि तो बाकांखाली सांडतो.

धुण्याला तीन बादल्या: साबणाची, पहिल्या पाण्याची, शेवटच्या पाण्याची. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे शेवटची बादली बोअरच्या पाण्याची असते आणि काचेवर पांढरे डाग उमटतात. त्या बादलीत दोन लिंबं पिळा. पुसायला आपला प्रसिद्ध सोलापुरी टॉवेल वापरू नका, नव्या टॉवेलचे धागे पेल्यात राहतात. जुनं, मऊ झालेलं धोतर बरं.

इथवर ट्रे. पेटीचं मात्र कौतुक करणं अवघड आहे. बाजारातल्या पेटीत मखमलीचं अस्तर, चार ते सहा पेले, एक छोटी बाटली आणि भाकरीची डबी असते. दिसायला देखणी. पण पाळक काही एकाच घरी जात नाहीत. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीपर्यंत जायचं, वाटेत सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक पेशंट, मग शहरात दोन म्हातारी माणसं. पाच घरं आणि घरटी तीन-चार जण म्हणजे १८ पेले आणि सव्वाशे मिली रस. सहा पेल्यांच्या पेटीत हे भागत नाही. मग लोकांच्या मोरीत पेले धुणं आलं, आणि आजारी माणसाच्या घरी तेच टाळायचं असतं. बाटलीचं बूच दुचाकीवर सैल होतं, रस मखमलीत मुरतो, महिन्याभरात बुरशीचा वास सुटतो.

त्यापेक्षा दोन खणांचा स्टीलचा डबा घ्या. एका खणात २४ पेले कापडात गुंडाळून, दुसरा वापरलेल्या पेल्यांना रिकामा. रसासाठी रबरी रिंगच्या झाकणाची २०० मिलीची बाटली, वेगळ्या पिशवीत उभी. सोबत एक चमचा हवा. गिळायला त्रास असलेल्याला पेला देऊ नये. भाकरीचा कण रसात भिजवून चमच्याने द्यावा, तोही घरचे हो म्हणाले तरच. मधुमेह्याला ७ मिलीत जेमतेम एक ग्रॅम साखर जाते, काळजीचं कारण नाही. दवाखान्यात आधी सिस्टरना विचारा: ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला कणसुद्धा चालत नाही. नव्या पाळकांना घरांची यादी देताना प्रत्येक नावापुढे आजार, सोयीची वेळ आणि भाषा लिहा. शहरात कुठे मराठीत प्रार्थना हवी असते, कुठे तेलुगूत, कुठे कन्नडमध्ये, आणि बाहेरून आलेल्या पाळकांना हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

स्वागताला शाली-चादरी इतक्या जमतात की पाळक बंगल्यातलं एक कपाट त्यातच जातं. त्यातल्या एखाद्या चादरीच्या पैशात असा डबा येतो. कोणी कुटुंब संच स्मरणार्थ देत असेल तर नाव ट्रेच्या खालच्या बाजूला कोरायला सांगा, झाकणावर नको. आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) ट्रे, झाकणं, तळ, पेले, डबा अशी वेगवेगळी नोंद करून चार्ज देताना-घेताना मोजा; ‘संच १’ एवढंच लिहिलेलं असलं की पाच वर्षांनी झाकणं कुठे गेली ते कोणालाच सांगता येत नाही. पेले ५० जास्तीचे घ्या, त्याच दुकानातून, त्याच वेळी. नंतर आणलेले अर्ध्या मिलीमीटरने जाड निघाले तर भोकात बसत नाहीत.