अस्लान की फ्रोडो?

चर्चच्या मंडळीतल्या तरुणांसोबत वाचायला सी. एस. लुईसची नार्निया ही कल्पनारम्य कथामाला घ्यावी की जे. आर. आर. टोल्किनची लॉर्ड ऑफ द रिंग्ज ही तशीच कादंबरी? दोघे ऑक्सफर्डचे, जिवलग मित्र. १९३१ साली लुईस ख्रिस्ताकडे वळले, त्यात टोल्किनशी रात्री उशिरापर्यंत रंगलेल्या गप्पांचा मोठा वाटा. लेखणीची जात मात्र वेगळी.

नार्नियात मिठाईपायी भावंडांशी दगा करणाऱ्या एडमंडच्या जागी सिंह अस्लान मरतो आणि पुन्हा उठतो. वधस्तंभ समजवायला आणखी काय हवं? सातही पुस्तकं संडे स्कूलच्या पोरांना झेपतात. पण उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे चर्चा लवकर आटोपते.

टोल्किनना असं उघड रूपक रुचत नसे. त्यांचा नायक फ्रोडो एक दुष्ट अंगठी नष्ट करायला तिचं ओझं वाहतो आणि ऐन शेवटी हरतो. अंगठी त्याला टाकवत नाही. काम तडीस जातं ते त्या अंगठीपायी वेडावलेल्या गोलमवर पूर्वी दाखवलेल्या दयेमुळे. तोही दिवस २५ मार्च, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सण! कॅथलिक टोल्किननी तो उगाच निवडला नसावा. आणि फ्रोडोचा सोबती सॅम: ओझं घेता येत नाही, तर ओझेकऱ्यालाच पाठीवर घेणारा. सेवेत थकलेल्यांना तोच जवळचा वाटतो.

नवख्यांना नार्निया ठीक. मिशनवर निघालेल्यांना मी जाडजूड टोल्किनच देईन, सुरुवातीची पानं रेंगाळतात हे आधीच सांगून.