वायरलेस थर्मामीटर: मशीन चांगलंय, पण टांगायचं कुठे ते आधी वाचा

सहा महिने वापरून झालंय म्हणून आता लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता, आणि त्यात चूक माझीच होती.

वस्तू तशी साधी. घरात ठेवायला एक डिस्प्ले आणि बाहेर टांगायला छोटा सेन्सर, तापमान आणि ह्युमिडिटी दोन्ही दाखवतो आणि दिवसभरातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी किती झालं तेही लक्षात ठेवतो. मी एकदम दोन सेट घेतले, एक शहरातल्या फ्लॅटला आणि एक गावाकडे आत्याकडे. कारण प्रत्येक फोनवर आमचा तोच विषय, ती म्हणणार इकडे पहाटे पांघरूण लागतं आणि मी म्हणणार इकडे पंखा बंद करता येत नाही, आणि मोबाइलमधलं अ‍ॅप दोघांनाही जवळपास एकच आकडा दाखवणार. गाव शहरापासून तासाभरावर आहे आणि उंचीही तीच, हे मुद्दाम सांगतो, कारण गाव डोंगरावर असेल तर तुलनाच चुकते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री तशीच कमी होते.

एक गोष्ट मात्र नशिबाने आधी केली. दोन्ही सेन्सर तीन रात्री एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, ०.३ चा फरक आला, तो लिहून ठेवला. बॉक्सवर अधिक-उणे १ डिग्री लिहिलंय, म्हणजे एक वर चुकला आणि दुसरा खाली चुकला तर काहीही न बिघडता दोघांत २ डिग्रीचा फरक दिसू शकतो. दोन घेणाऱ्यांनी हे कराच.

मग माती खाल्ली. सेन्सर बाल्कनीच्या भिंतीवर खिळा ठोकून लावला, भिंत पश्चिमेची, खाली शेजाऱ्यांच्या एसीचं आउटडोअर युनिट. रात्री अकराला ३४! कस्टमर केअरला फोन केला तर लगेच बदलून देतो म्हणाले, कुठे लावलाय हे एकदाही विचारलं नाही. शेवटी मीच शोधाशोध केली. हवामानवाले थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात, सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, म्हणजे वारा खेळतो पण ऊन लागत नाही. त्या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात, ती काढणारा थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारा इंजिनियर होता. मी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या ताटल्या मधे फटी ठेवून एकावर एक जोडल्या, आत सेन्सर, आणि काठीवर बांधून रेलिंगच्या पार टोकाला नेला. आकडा सरळ तीन डिग्री उतरला. तशीच ताटल्यांची पेटी आत्याकडे अंगणात लावली.

पण नंतर वाटलं, ते ३४ तरी खोटं कसं म्हणायचं? हवेचं नव्हतं एवढंच, भिंतीचं होतं, आणि रात्री आपण त्या भिंतीच्याच आत झोपतो ना.

आता आकड्यांची गंमत. मला वाटायचं शहर दुपारी जास्त तापत असणार. अजिबात नाही, दुपारी तीनला दोन्हीकडे अर्ध्या-एक डिग्रीचा फरक, कधी तर गावच पुढे. खरा खेळ सूर्य मावळल्यावर सुरू होतो, गावचा आकडा भराभर घसरायला लागतो आणि माझा तिथेच रेंगाळतो, दहापर्यंत चार-पाच डिग्रीचं अंतर पडलेलं असतं. उघडी जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते, इथे मात्र इमारतींच्या मधून आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते आणि भिंती एकमेकींनाच शेकत बसतात. त्यात दिवसभर काँक्रीट आणि डांबराने ऊन मुरवून ठेवलेलं. गावाकडे तेच ऊन ओल्या मातीतलं आणि पानांतलं पाणी उडवण्यात खर्च होतं, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ६०० कॅलरी लागतात, ती उष्णता हवा तापवायला उरतच नाही. ढगाळ रात्र असली किंवा जोराचा वारा सुटला की आमचे आकडे परत जवळ येतात, अशा रात्री मशीन बघण्यात मजा नाही.

आणि हे काही नवीन नाही बरं का. ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने २०० वर्षांपूर्वी लंडनमध्ये साध्या थर्मामीटरवर हेच पकडलं होतं, रात्री शहर बाहेरच्यापेक्षा साधारण २ डिग्री सेल्सिअस गरम आणि दिवसा उलट किंचित थंड. ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं देणारा तोच.

ह्युमिडिटीचा आकडा मात्र फसवतो. एकदा आत्याचा सकाळीच फोन, "अरे, हे बिघडलंय वाटतं, पाऊस ना पाणी आणि ९४ टक्के दाखवतंय." माझ्याकडे तेव्हा ६८. म्हटलं, "अगं आत्या, बिघडलं नाहीये, हवा गार झाली की तिच्यात वाफ कमी मावते म्हणून टक्के चढतात." ३० डिग्रीला एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते आणि २० डिग्रीला फक्त १७. तुलना करायची तर बाजूचं बटण दोनदा दाबून दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती डिग्रीपर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागेल तो आकडा, त्या दिवशी दोन्हीकडचा जवळपास एकच होता.

तक्रारी पण आहेत. बॉक्सवर रेंज ६० मीटर लिहिलीय, आत्याकडे अंगणाच्या टोकापर्यंत आरामात मिळते, माझ्याकडे दोन आरसीसी भिंती मधे आल्या की डिस्प्लेवर नुसत्या रेघा. आणि सगळ्यात मोठा वैताग म्हणजे जुना डेटा कुठेच साठत नाही, मध्यरात्री कमाल-किमान पुसलं जातं, त्यामुळे झोपायच्या आधी वहीत लिहा. याचाच एक स्टार कापला. बाकी पाऊस मोजायचा असेल तर हे घेऊ नका, यात ती सोय नाही.