सर्व्हर दुरुस्तीवाला: चार तारे

आमच्या वाचनालयाच्या उबुंटू (लिनक्स) संगणकावरचा मायएसक्यूएल, म्हणजे सभासदांची यादी सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर, सुरूच होईना. नाशकातल्या एका छोट्या दुकानातून मुलगा आला. मायएसक्यूएल काढून टाकण्याआधी त्याने सर्व्हर थांबवून व्हार-लिबमधलं (/var/lib) मायएसक्यूएलचं डेटा असलेलं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. तिथेच मला तो पटला. नुसतं रिमूव्ह केलं तर ईटीसीमधल्या (/etc) सेटिंगच्या फाइल्स मागे राहतात, म्हणून पर्ज केलं, म्हणजे सेटिंगसकट काढून टाकलं. मध्येच स्क्रीनवर प्रश्न: सगळे डेटाबेस पुसायचे का? माझ्या पोटात गोळा! पठ्ठ्याने आधी चहा संपवला, मग 'हो' दाबलं. पुन्हा तीच आवृत्ती टाकली, फोल्डर जागेवर ठेवलं, त्याची मालकी मायएसक्यूएल युजरला दिली. सभासदांची यादी जशीच्या तशी! पावती मात्र मागूनही मिळाली नाही, एक तारा त्यासाठी कापला. हिशेब तपासनिसांना मी काय दाखवू?