फिरोजाची अंगठी : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी सांगलीच्या सराफ कट्ट्यावरून चांदीत मढवलेला निळा फिरोजा खडा घेतला, २,४०० रुपयांना. गेल्या आठवड्यात त्याची एक कड हिरवी पडलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. घेताना सराफ "रंग जन्मात जायचा नाही" म्हणाले होते. परत घेऊन गेलो, तर "वापराल तसा खडा बदलणारच." मग हे विकताना सांगायला काय झालं होतं? पावतीवर नुसतं 'फिरोजा अंगठी १'. खडा नैसर्गिक की राळ भरून पक्का केलेला, एक शब्द नाही.

आधी वाटलं, पांढरा दगड रंगवून गळ्यात मारला. खडा मागून उघडा आहे, तिथे नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा कापूस फिरवला. कापूस पांढराच राहिला. वरून रंग लावलेला नाही एवढं तरी कळलं.

मग वाचत बसलो. फिरोजा म्हणजे पाणी धरून असलेलं तांब्या-ॲल्युमिनियमचं फॉस्फेट. निळाई तांब्याची. कठीणपणा मोहस् मापावर दहापैकी ५ ते ६, शिवाय अंगाने सच्छिद्र. तेल, घाम, साबण, सगळं पितो. आणि मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर! दिवसभर हळकुंडं मोडून बघायची, तळहात कायम पिवळा. निळ्यात पिवळं मुरलं तर हिरवंच होणार. इथे माझा निम्मा राग उतरला.

आपण लुगड्याला पिरोजी रंग म्हणतो तो याच खड्यावरून. फारसीत पिरोज म्हणजे विजयी. सगळ्यात नावाजलेली खाण इराणातल्या निशापूरची. इजिप्तवाले सिनाईतून काढायचे. त्यांचा राजा तुतनखामेन, त्याच्या सोन्याच्या मुखवट्यातही फिरोजा जडवलाय. इराणात आभाळासारखी निळाई वरचढ, तिबेटात मात्र हिरवट झाक आवडीची. म्हणजे माझी कड तिथे खपली असती! यार्डातले मिरजेचे हमाल चाचा स्वतः फिरोजा घालतात. अंगठी बघून म्हणाले, खड्याने रंग बदलला म्हणजे तुमच्यावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. कारण हळदच आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी त्या दिवसापासून अंगठी परत करायचा विचार सोडला.

आता अडतीवर जाताना ती डबीत ठेवतो. साबण अजिबात नाही, ओलसर मऊ फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. आक्कालाही असाच खडा हवाय. पावतीवर खड्याची जात आणि प्रक्रिया लिहून देईल असं दुकान सापडेपर्यंत तिला थांबवून ठेवलंय.