छोट्या पीसीला दोन मॉनिटर : एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट की डॉक?

मिनी पीसी निवडताना प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीचा आपण कीस पाडतो, आणि मॉनिटर कशाने जोडायचा हे मात्र खोक्यात जी केबल निघेल तिच्यावर सोडून देतो. एकच मॉनिटर असेल तर बहुधा खपून जातं. दोन मॉनिटर लावून दिवसभर मजकूर वाचायचा असेल तर केबलची निवड रॅमइतकीच जाणवते, किंबहुना डोळ्यांना जास्तच.

इथे गृहीत धरलेलं यंत्र असं : इंटेलच्या एन१०० किंवा त्याच्या जवळपासच्या प्रोसेसरचा मिनी पीसी, मागे दोन एचडीएमआय आणि एक यूएसबी-सी, किंवा एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच चित्रासाठीचा पोर्ट) आणि यूएसबी-सी प्रत्येकी एक. मॉनिटर २४ किंवा २७ इंची. काम म्हणजे लिखाण, मुद्रितशोधन, तक्ते, ब्राउझर. गेमिंगचा विचार यात नाही. एन१०० एका वेळी तीन डिस्प्ले चालवतो, त्यामुळे दोन मॉनिटरना प्रोसेसरची आडकाठी नाही. फक्त त्याची मेमरी एकाच चॅनेलवर, म्हणजे माहितीच्या एकाच वाटेवर चालते. दोन्ही मॉनिटर ४के (३८४० × २१६० पिक्सेल) असतील तर चित्र येतं, पण ब्राउझरमध्ये लांब पान सरकवताना थोडं अडखळल्यासारखं वाटतं. २७ इंची १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल) मॉनिटरची जोडी या यंत्राला जास्त मानवते, असं माझं मत आहे.

आधी डॉकचा, म्हणजे एका यूएसबी केबलवर अनेक पोर्ट देणाऱ्या डबीचा, विषय संपवून टाकू. डॉक म्हणून जे विकलं जातं त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक डिस्प्लेलिंकची. यात चित्र आधी प्रोसेसर तयार करतो, ते दाबून यूएसबीतून पाठवलं जातं आणि डॉकमधली चिप ते उलगडते. ड्रायव्हर लागतो, प्रोसेसरवर भार येतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंत त्या मॉनिटरवर काहीच दिसत नाही, म्हणजे बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जायचं तर दुसरी केबल लावावी लागते. लॅपटॉपवर व्हिडिओचे पोर्ट कमी पडतात तेव्हा याला अर्थ आहे. मिनी पीसीच्या मागे पोर्ट मोकळे असताना नाही.

दुसरी जात एमएसटी हबची. यात डिस्प्लेपोर्टचा एक प्रवाह दोन-तीन मॉनिटरांत वाटला जातो. विंडोजवर हे नीट चालतं, पण वाटणीचं गणित बघून घ्यावं. १४४०पी ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) दर सेकंदाला साधारण ५.८ गिगाबिट लागतात. यूएसबी-सी हबवर जलद यूएसबी पोर्टही असतील तर केबलमधल्या चार लेनपैकी (माहिती नेणाऱ्या वाटांपैकी) दोनच लेन व्हिडिओला उरतात, आणि डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाने त्या दोन लेनमधून ८.६४ गिगाबिटच जातात. दुसरा १४४०पी मॉनिटर त्यात बसत नाही. याच कारणाने अनेक हबवर ‘४के’ छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात ३० हर्ट्झ मिळतात. ३० हर्ट्झ ओळखणं सोपं आहे : माउसचा बाण हाताच्या मागून येतो.

मॅक मिनीवाल्यांनी एमएसटीच्या वाटेला जाऊ नये. मॅकओएस त्या मार्गाने दोन वेगळे डेस्कटॉप देत नाही, दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. २०२४च्या एम४ मॅक मिनीला तीन मॉनिटर चालतात आणि मागे तीन थंडरबोल्ट पोर्ट (यूएसबी-सीच्याच आकाराचे, व्हिडिओही देणारे) आहेत, तेव्हा हबची गरजही पडत नाही. समोरचे दोन यूएसबी-सी पोर्ट व्हिडिओ देत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मग खरी निवड उरते ती एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांच्यात.

एचडीएमआयची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. केबल कुठेही मिळते. बायोस बिनतक्रार दिसतो. मॉनिटर बटणाने बंद करून पुन्हा चालू केला तरी उघडलेल्या विंडो बहुतेक वेळा जिथल्या तिथे राहतात. १०८०पी आणि १४४०पी ६० हर्ट्झला जुना एचडीएमआय १.४ सुद्धा पुरतो. ४के ६० हर्ट्झला मात्र पीसी आणि मॉनिटर दोन्हीकडे २.० हवा. काही जुन्या ४के मॉनिटरमध्ये तो मेनूतून चालू करावा लागतो, नाहीतर मॉनिटर १.४ असल्यासारखाच वागतो.

अडचण आहे ती रंगांची, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला.

२००२ साली एचडीएमआय आला तो टीव्हीसाठी. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. संगणकाच्या जगात तेच ० आणि २५५. मॉनिटर आपली ओळख पीसीला सांगतो तेव्हा एचडीएमआयवर ती बरीचशी टीव्हीच्या भाषेत असते. १०८०पी किंवा ४के ६० हर्ट्झ ही टीव्हीचीही मापं असल्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर समोर टीव्ही आहे असं धरून मर्यादित पल्ल्याचे रंग पाठवू शकतो. मॉनिटर मात्र पूर्ण पल्ल्याची वाट बघत असतो. परिणाम : काळा रंग राखाडी दिसतो, पांढरा मळका, आणि सगळ्या पडद्यावर धुकं पसरल्यासारखं वाटतं. बहुतेक जण मॉनिटरचाच दोष समजून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टशी झटत बसतात.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे रंगांची काटकसर. बँडविड्थ कमी पडली की उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, पण रंगाची माहिती दोन किंवा चार पिक्सेलांना मिळून एकच. ४के ६० हर्ट्झवर एचडीआर (उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला) चालू केलं की एचडीएमआय २.०ची १८ गिगाबिटची वाट १० बिटच्या पूर्ण रंगांना पुरत नाही आणि हे घडू शकतं. सिनेमात फरक कळत नाही. मजकुरात कळतो, आणि देवनागरीत जास्त कळतो. साध्या २४ इंची पडद्यावर ११ पॉइंटचा ऱ्हस्व उकार, रफार, अनुस्वार हे सगळे एक-दोन पिक्सेलांचे कारभार. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू असताना लाल रंगातला ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखायला पान मोठं करावं लागतं. काळ्या अक्षरांनाही ते चुकत नाही. विंडोजचं क्लिअरटाइप अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायला रंगछटाच वापरतं, आणि त्या छटा शेजारच्या पिक्सेलात सांडतात. मुद्रितशोधन करणाऱ्याला हे दिवसभर चालणार नाही.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. काळ्या पार्श्वभूमीवर ११ पॉइंटमध्ये ‘दुरुस्ती, धर्मार्थ, किंचित, घंटा’ एकदा पांढऱ्या आणि एकदा शुद्ध लाल रंगात लिहा, झूम १०० टक्के ठेवा आणि मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर असल्याची खात्री करा. लाल अक्षरं थोडी मऊ दिसणारच. पण पांढरी रेखीव आणि लाल अक्षरांची शिरोरेषा फासल्यासारखी असेल, तर रंगांची माहिती कापली जातेय. विंडोज ११मध्ये सेटिंग्जमधून सिस्टिम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत गेलात की रंगाचा फॉरमॅट लिहिलेला असतो. तिथे ‘आरजीबी’ हवं. ‘वायसीबीसीआर ४:२:०’ किंवा ‘४:२:२’ दिसलं तर रोग सापडला.

उपाय आहे, नाही असं नाही. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्या मॉनिटरसाठी क्वांटायझेशन रेंज (रंगांचा पल्ला) ‘फुल’ करा, रंगाचा फॉरमॅट आरजीबी करा, आणि मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय रेंज किंवा ब्लॅक लेव्हल असेल तर तीही जुळवा. दोन्हीकडे सारखं नसेल तर उलटा प्रकार होतो, म्हणजे गडद छटा एकमेकींत बुडतात. लिनक्सवर ‘ब्रॉडकास्ट आरजीबी’ ही प्रॉपर्टी ‘फुल’ करावी लागते. मजकुराचंच काम असेल तर एचडीआर बंद ठेवा. एवढं केल्यावर एचडीएमआयवरचं चित्र डिस्प्लेपोर्टइतकंच स्वच्छ दिसतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही ड्रायव्हरचं मोठं अपडेट आलं, मॉनिटर बदलला किंवा केबल दुसऱ्या पोर्टात गेली, की सगळं पुन्हा तपासायचं. सवय असलेल्याला हे जड जाणार नाही. ज्याला जोडून विसरून जायचंय, त्याला जाईल.

डिस्प्लेपोर्ट २००६ साली आला तो संगणकाच्या मॉनिटरसाठीच. त्यावर पूर्ण पल्ल्याचे आरजीबी रंग सहसा आपोआप येतात, काही जुळवावं लागत नाही. मिनी पीसीवर पूर्ण आकाराचा डिस्प्लेपोर्ट नसेल तरी यूएसबी-सीतून जो व्हिडिओ निघतो तो मुळात डिस्प्लेपोर्टचाच असतो. म्हणून यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये चित्राचं रूपांतर होत नाही, त्याच्या चारही लेन थेट मॉनिटरपर्यंत जातात. यूएसबी-सी ते एचडीएमआय केबलमध्ये मात्र रूपांतर करणारी चिप बसवलेली असते. ती गरम होते, आणि वरची रंगांची कटकट पुन्हा दारात येऊ शकते. दोन्ही केबल दुकानात शेजारी टांगलेल्या असतात आणि किमतीतही फारसा फरक नसतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता डिस्प्लेपोर्टचे दोष. सगळ्यात मोठा म्हणजे मॉनिटर बंद केला की पीसीला तो उपटून नेल्यासारखा वाटतो. मग डावीकडच्या सगळ्या विंडो उजवीकडे जाऊन गोळा होतात. विंडोज ११मध्ये डिस्प्लेच्या पानावर मल्टिपल डिस्प्लेज खाली मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. मॉनिटरच्या मेनूत ‘डीप स्लीप’ असेल तर बंद करा. आणि वीज वारंवार जात असेल तर पीसीबरोबर दोन्ही मॉनिटरही यूपीएसवर घ्या. नुसता पीसी यूपीएसवर ठेवला तर वीज गेल्याक्षणी विंडोंची पळापळ होते. मिनी पीसी आणि २४ इंची दोन एलईडी मॉनिटर हा काही मोठा भार नाही.

दुसरा दोष स्वस्त केबलचा. डिस्प्लेपोर्टच्या २० क्रमांकाच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि नियमानुसार साध्या केबलमध्ये ती पिन आरपार जोडायची नसते. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते. मग बंद पीसीत मॉनिटरकडून वीज शिरते. लक्षणं चमत्कारिक असतात : पीसी बंद करूनही दिवा मंद जळत राहतो, किंवा बटण दाबल्यावर सुरूच होत नाही आणि केबल काढली की लगेच होतो. असं दिसलं तर पॉवर अडॅप्टर बदलण्याआधी केबल बदलून बघा.

तिसरी गोष्ट खटक्याची. डिस्प्लेपोर्टचा प्लग सहसा आत जाऊन अडकतो आणि काढताना वरचं बटण दाबावं लागतं. मिनी पीसी व्हेसा पट्टीवर मॉनिटरच्या पाठीला लावला असेल तर तिथे बोट पोचत नाही. केबल आधी लावून मग पीसी पट्टीवर चढवा. यूएसबी-सीला उलट खटकाच नाही. मॉनिटर फिरवताना जाड केबलचं वजन त्या छोट्या प्लगवर येतं आणि पडदा क्षणभर काळा होतो. प्लगपासून वीतभर अंतरावर केबल स्टँडला वेल्क्रो पट्टीने बांधली की हा त्रास थांबतो.

यूएसबी-सी पोर्टबद्दल खरेदीआधीच खात्री करून घ्या. प्रत्येक यूएसबी-सीतून व्हिडिओ येत नाही. काही मिनी पीसींवर तो फक्त वीज घेण्यासाठी असतो, काहींवर फक्त डेटासाठी. व्हिडिओ देणाऱ्या पोर्टशेजारी बहुधा डीपीचं (डिस्प्लेपोर्टचं) चिन्ह किंवा थंडरबोल्टचा विजेसारखा बाण असतो. नसेल तर मॅन्युअलमध्ये ‘डीपी अल्ट मोड’ (यूएसबी-सीतून डिस्प्लेपोर्टचा व्हिडिओ) हे शब्द शोधा, विक्रेत्याच्या तोंडी हमीवर राहू नका. मॉनिटरलाच यूएसबी-सी असेल आणि दोन्ही टोकांना यूएसबी-सीची केबल लावणार असाल तर फोनच्या चार्जरची केबल चालणार नाही. तिच्यात बहुधा यूएसबी २.०च्याच तारा असतात आणि पडदा काळा राहतो.

माझ्या टेबलावर याची जोडणी अशी आहे : ज्यावर मजकूर वाचायचा तो समोरचा मॉनिटर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलने, आणि मेल, शब्दकोश, व्हिडिओ यांसाठीचा बाजूचा एचडीएमआयने, रेंज ‘फुल’ करून. काही मिनी पीसींवर बायोस फक्त एचडीएमआयवर दिसतो, त्यामुळे एक एचडीएमआय जोडलेली असणं सोयीचंही ठरतं. तुमचं काम तक्त्यांचं आणि व्हिडिओचं असेल तर दोन्ही एचडीएमआयवर ठेवूनही बहुधा काही अडणार नाही. अक्षरांचं असेल तर एवढा फरक करून बघावा, असं सुचवेन.

पीसीवर फक्त दोन एचडीएमआय असतील तर डिस्प्लेपोर्टचा हट्ट धरू नका. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय साध्या अडॅप्टरने बऱ्याचदा मिळतो, पण उलट दिशेला तो अडॅप्टर चालत नाही. तिथे स्वतंत्र वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तेवढ्या खर्चात रंगांचं सेटिंग जुळवून एचडीएमआयच वापरणं शहाणपणाचं. केबल दोन मीटरच्या आतली घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेणार असाल तर दुकानातच मॉनिटरला लावून ६० हर्ट्झ येतात का ते बघा, आणि घरी चालली नाही तर बदलून मिळेल हे बिलावर लिहून घ्या.