ईटीपीसाठी पॉली: पावडर की इमल्शन?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या ईटीपींत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांत) गाळ धरायला जे ‘पॉली’ वापरतात, ते बहुतेकदा पॉलिअ‍ॅक्रिलामाइड. रेणुभार एक कोटीच्या घरात, कधी त्याहून जास्त.

पावडरीसाठी पाण्यातच पॉलिमरायझेशन (सुटे रेणू जोडून लांब साखळ्या) करून रबरासारखं जेल बनवतात, मग ते कापून, वाळवून दळतात. इमल्शनमध्ये मोनोमर (ते सुटे रेणू) विरघळलेल्या पाण्याचे बारीक थेंब तेलात विखुरलेले असतात आणि साखळ्या त्या थेंबांतच वाढतात. म्हणून ३०-४० टक्के पॉलिमर असूनही ते सहज ओतता येतं. एवढ्या रेणुभाराचं साधं द्रावण एक टक्क्यालाच लापशी होऊन बसतं.

पावडर स्वस्त पडते, टिकतेही. पण भसकन ओतली की गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरड्या. भुरभुरत सोडायची, तासभर सावकाश ढवळायची. जोरात फिरवत राहिलात तर साखळ्याच तुटतात.

इमल्शन मात्र सुरुवातीला जोरात घुसळावंच लागतं. अर्ध्या तासात तयार. पिंपात पडून राहिलं की तेल वर येतं, आणि सांडल्यावर पाणी मारलं तर फरशीवर पाय ठरत नाही (आधी भुसा टाका!).

एका पाळीच्या छोट्या युनिटनं पावडरच घ्यावी. सेंट्रिफ्यूज (गाळ गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र) दिवसरात्र चालत असेल तर इमल्शनचे जास्तीचे पैसे वसूल होतात. वाइनरीच्या जैविक गाळाला मात्र रूप कुठलंही घ्या, सहसा कॅटायनिक (धन भाराचं) पॉलीच लागतं.