व्हॅलोरंट : आधी नेम, मग जादू

हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम २०२० ला आला तेव्हा फुकट आहे म्हणून टाकला आणि अडकलो ते अडकलोच. भारी काय तर नेम पक्का असेल तर व्हँडल रायफलची एक गोळी डोक्यात, समोरचा कितीही लांब असो, खेळ खल्लास, मग त्याच्याकडे कुठली का पॉवर असेना. पॉवर पण बऱ्याचशा क्रेडिट (गेममधले पैसे) मोजूनच घ्यायच्या, त्यामुळे बंदूक की फ्लॅश (समोरच्याचे डोळे दिपवणारी पॉवर) हे डोकं लावावंच लागतं. जेट या एजंटचा (गेममधल्या पात्राचा) डॅश, म्हणजे झटक्यात सटकायची पॉवर, मात्र चीटिंगच वाटायचा, ऑपरेटर या स्नायपर बंदुकीने एकाला उडवायचं आणि फुर्रर्र! २०२२ मध्ये गेमवाल्यांनी तो डॅश आधी चालू करून ठेवायला लावला, बरं केलं. फक्त एजंट वाढतायत तसा गोंधळही वाढलाय राव, सगळा स्क्रीन पांढरा, नेम धरणार कुठे? पाचपैकी चार.